एक जूनचा किसन

"मामा, उतरा आता. उन्हानं चक्कर येईल!" निरंजन सर मैदानातून ओरडले.

"दोनच प्लेटा ऱ्हायल्यात, सर. ट्रकांचा फुफाटा लई बसलाय बगा."

चाकणजवळच्या त्या हायस्कुलाच्या गच्चीवर किसन सोलरच्या प्लेटा पुसत होता. शाळेचा शिपाई, म्हणून पोरांचा मामा. मे महिन्याची सुट्टी, सगळीकडे सामसूम. फडकं फिरवलं की काचेत आभाळ उतरायचं, एखादा ढग हाताखालून सरकायचा, आणि किसन पुसायचं विसरून नुसता बघत बसायचा.

सात वर्षांपूर्वी शाळेला कॉम्प्युटर मिळाले होते. पण विजेचा काही नेम नव्हता. आली तरी इतकी मरतुकडी, की पंखासुद्धा उपकार केल्यासारखा फिरायचा. कॉम्प्युटर झाकूनच राहिले. किसन रोज झाकणं काढून पडदे पुसायचा आणि पुन्हा पांघरूण घालायचा. यंदा एका कंपनीनं सोलर बसवून दिलं. पंधरा जूनला शाळा भरली की त्या कंपनीचे साहेब कळ दाबणार होते.

पडदे उजळल्यावर पोरांची तोंडं कशी दिसतात, एवढंच किसनला बघायचं होतं. दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत पाठ टेकली की त्याला ती दिसायचीही. निळसर, पाण्याखाली असल्यासारखी, गप्प. डोळे उघडले की खोली रिकामी.

आणि किसनची नोकरी एकतीस मेला संपत होती.

तो खाली आला तेव्हा सर लॅपटॉपवर त्याचे निवृत्तीचे कागद भरत होते. "जन्मतारीख एक जूनच ना, मामा?"

"ती गुर्जींची तारीख, सर. माजी न्हाई."

त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी ज्याला त्याला एक जून लावून मोकळे व्हायचे. कागदावर बघाल तर अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला. सुईणीची काय तारांबळ उडाली असेल!

"आई म्हनायची, बाजरीच्या काढनीत झालास. म्हंजी दसऱ्याच्या आसपास," किसन हसत म्हणाला. "तवा माजं चार म्हैनं अजून बाकी हायेत की!"

हसत होता खरा, पण हातातलं फडकं पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. सरांना ते दिसलं. कागदापुढे बाजरीचं काय चालणार!

"पंधरा तारखेला या, मामा. पाहुणे म्हणून."

"पाव्हना? मी?" किसनला त्याचंच नवल वाटलं.

पंधरा जूनला तो इस्त्रीचे कपडे घालून गेला. फाटकावर एजन्सीचा नवा रखवालदार उभा होता. सर साहेबांच्या सरबराईत गुंतलेले.

"काका, पालकांनी मांडवात बसायचं."

या फाटकात त्याला काका म्हणणारा हा पहिलाच माणूस. किसनला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण नव्या माणसाला तरी काय माहीत? तो निमूटपणे मांडवात जाऊन कडेच्या खुर्चीवर बसला. समोरच कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी होती.

कळ दाबली गेली. एक पडदा उजळला, मग दुसरा, मग सगळेच. आतून असा काही गलका उठला की मांडवातली माणसं उठून उभी राहिली. पोरांची तोंडं निळीबिळी मुळीच नव्हती. घामेजलेली, आ वासलेली, एकमेकांना ढकलणारी होती. किसनला ती स्वप्नातल्यापेक्षा शंभरपटीनं आवडली. त्याचे डोळे भरून आले.

शेजारी एक बाई बसली होती. नवरा कंपनीत लागला म्हणून लातूरकडून आलेली, मुलीला पाचवीत घातलेली.

"तुमचं कोण हाय इथं, बाबा? नातू का?"

किसननं जरा विचार केला.

"मीच हुतो," तो म्हणाला.

बाईला काही उमगलं नाही. पण तिनं आपली खुर्ची थोडी मागं घेतली, त्याला खिडकी नीट दिसावी म्हणून.