साहेबांसाठी धुतलेली गाडी

मंजूला बसचा आवाज दुरूनच ओळखू यायचा. तळ्याच्या वळणावर ती गाडी म्हाताऱ्या बैलासारखी कण्हायची. ते कण्हणं कानावर आलं की मंजू तीन वर्षांच्या निमूला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहायची. जरा उशीर झाला की ती फाटकावरून वाकून वळणाकडे बघायची. बंद तर नाही ना केली?

भीती उगीच नव्हती. जळगावातून मेहरूणपर्यंतची ही बस नुसती आजमावून बघायला सोडली होती, दिवाळी ते संक्रांत. पुढे चालवायची तर तोटा कोणी भरायचा, यावर पालिका बसखात्याकडे बोट दाखवायची आणि खातं पालिकेकडे. शेवटी ठरलं की खात्याचे साहेब एक दिवस स्वतः गाडीत बसतील, माणसं मोजतील आणि ते लिहितील ते खरं.

निमूचा डावा पाय गेल्या पावसाळ्यात तापानं लुळा पडला होता. सिव्हिलमधले डॉक्टर एक दिवसाआड त्या पायाला विजेचा करंट देत. "खंड तेवढा पडू देऊ नका. बाकी मी आज काही सांगत नाही," ते म्हणाले होते. बाकी म्हणजे काय, हे विचारायला बी. ए. झालेल्या मंजूची जीभ रेटली नव्हती. घरी आल्यावर ती हातातली काचेची बांगडी काढून निमूच्या पायात चढवून बघायची. उजव्या पोटरीवर बांगडी अडायची. डाव्या पायावर मात्र सुळकन गुडघ्यापर्यंत जायची. पण गेल्या आठवड्यात डाव्या पोटरीवरही ती जराशी, अगदी जराशी अडली होती. मंजूनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. दृष्ट लागायची.

नवरा कांतीलाल धुळ्याच्या दुकानावर असे, शनिवारी येई. घरात सासरे घेवरचंद सेठ आणि सासूबाई जतनबाई. घरची बिनणी, घरची सून, एकटी टांग्यात बसून गावात जाणार, हे सेठना मंजूर नव्हतं. बसला मात्र त्यांनी हो म्हटलं, कारण बसमध्ये बायका असत. मेहरूणच्या बोरंवाल्या, पेरूवाल्या, तळ्यातली मासळी बाजारात नेणाऱ्या. बोरंवाली धुरपदाबाई रोज मंजूसाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवी आणि निमूच्या मुठीत दोन बोरं कोंबी. त्या घोळक्याच्या भरवशावर मंजूला उंबरा ओलांडता येत होता.

साहेब येणार म्हटल्यावर सेठ कामाला लागले. तळ्यालगत त्यांनी प्लॉट पाडले होते, दगडही रोवले होते. बस टिकली तर ते विकले जाणार. त्यांनी गाडी धुऊन घेतली, दाराला केळीचे खुंट बांधले आणि कंडक्टर झुलालला बजावलं, "उद्या टोपलीवाली एक बाई वर चढता कामा नये. मासळीच्या वासानं साहेबांचं डोकं उठेल. इथं कशी वस्ती येणार आहे ते दिसू दे त्यांना."

मंजूनं हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात सासूबाईंना गाठलं. सासऱ्यांसमोर बिनणीनं बोलायचं नसतं. जे सांगायचं ते सासूबाईंच्या तोंडून.

"सासूजी, साहेब माणसं मोजणार आहेत. बायकाच चढल्या नाहीत तर मोजणार कोणाला?"

"अगं, गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानाची काच पुसतात की नाही?"

"काच पुसतात, सासूजी. गिऱ्हाईक नाही पुसून टाकत."

जतनबाई पदरात तोंड घालून हसल्या. पण सेठ जेवायला बसले तेव्हा त्यांनी फक्त भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जतनबाईंनी साहेबांना ओवाळलं. साहेब तरुण होते, चष्मा लावलेले, जरा अवघडलेले. लिंबाखाली धुरपदाबाई आणि दहा-पंधराजणी टोपल्या घेऊन ताटकळल्या होत्या.

"अक्का, आजचा दिवस दम धरा," झुलाल हळूच म्हणाला. "उद्यापासून आहेच की आपली गाडी."

"काबर? साहेबले बोरं नै आवडतस का?" धुरपदाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. बायका खिदळल्या. सेठनी डोळे वटारले. धुरपदाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली चढवली आणि मंजूकडे बघून म्हणाली, "जाय माय, तू बस. आमले चालाले पाय शेत."

मंजूचा करंटचा दिवस होता. ती निमूला घेऊन मागच्या बाकावर बसली, शेजारी जतनबाई. पुढे सेठ, त्यांचे दोन व्यापारी स्नेही आणि साहेब. बाकी सगळी बाकं रिकामी, धुतलेली, चकचकीत.

गाडी निघाली आणि थोड्याच अंतरावर त्या बायका दिसल्या. रस्त्याच्या कडेनं एकीमागे एक, झपाझप चाललेल्या. साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"इथले लोक चालतातच की," ते म्हणाले. "सवयच दिसते."

"हो ना. मेहनती आहेत," सेठ कौतुकानं म्हणाले. "आणि इकडे बघा साहेब, हे सगळे प्लॉट. पाच वर्षांत इथं बंगले उभे राहतील."

"सेठ, बंगले उभे राहिल्यावर कळवा. मला आज बाकावर बसलेली माणसं मोजायची आहेत."

मंजू सासूबाईंच्या कानाशी लागली. "सांगा ना. म्हणावं, त्या रोज याच गाडीनं जातात. आज त्यांना चढू दिलं नाही. सांगा, सासूजी!"

जतनबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. घसा खाकरला.

"आमची सून म्हणते, गाडी फार सोयीची आहे. परतताना साहेबांनी चहाला यावं."

साहेब हसून मान डोलावून पुन्हा समोर बघू लागले. निमूचा पाय मंजूच्या मांडीवर ओल्या चिंधीसारखा पडला होता. ती उठली. दांड्याला धरून, पदर कपाळावर तसाच ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या देखत बोलली.

"साहेब, त्या बायका रोज गाडीत असतात. उभं राहायला जागा नसते. आज त्यांना खाली ठेवलंय. तुम्ही उद्या या, न सांगता या. माझ्या मुलीचा पाय या गाडीच्या भरवशावर आहे."

सेठनी मागे वळूनही पाहिलं नाही. साहेबांकडे झुकून ते मवाळ आवाजात म्हणाले, "लेकराच्या आजारपणानं तिचं मन थाऱ्यावर नसतं. मनावर घेऊ नका."

साहेबांनी निमूच्या पायाकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "काळजी घ्या हं, बाई," ते म्हणाले आणि पेन उघडलं.

संक्रांतीनंतर तळ्याच्या वळणावर ते कण्हणं ऐकू आलं नाही. सेठ म्हणत राहिले, "साहेबाचं तोंड गोड करायला हवं होतं. तिथं चुकलं." टोपल्यांचं नावही त्यांनी कधी काढलं नाही. मंजूशी ते आता सासूबाईंमार्फतही बोलत नसत. शनिवारी कांतीलाल आला आणि दुकानातून सवड मिळालेली असली, तर निमूला करंट मिळे. नाही तर नाही. मंजू घरी तेल चोळी आणि बांगडी हातातून काढायचं टाळी.

होळीच्या सुमारास एका पहाटे धुरपदाबाईनं फाटकाशी हाक दिली, "येस का, माय?" मंजूनं कोणाला विचारलं नाही. निमूला उचललं आणि टोपल्यांच्या त्या रांगेत शिरली. वाटेत बायकांनी आळीपाळीनं पोरीला कडेवर घेतलं. कोणीही बसचा विषय काढला नाही.

डॉक्टरांनी निमूची पोटरी दोन बोटांत धरली, पाऊल वळवून पाहिलं. ते आता आतल्या बाजूला झुकलं होतं.

"खंड पडला."

मंजूनं निमूच्या पायावर फ्रॉक खाली ओढला.

"आता करंट नको," ते म्हणाले. "पायाला लोखंडी पट्टा बनवून घ्या. दर वर्षी वाढवावा लागेल."

बाहेर पायरीवर बसून मंजूनं बांगडी काढली आणि डाव्या पावलातून वर सरकवली. ती कुठेही न अडता गुडघ्यावर जाऊन थांबली. निमूला तो खेळ वाटला. टाळ्या पिटत ती म्हणाली, "आणखी एक घाल ना!"

मंजूनं दुसऱ्या हातातली बांगडी काढली.