लाजरीचा दुसरा वाडगा

थोरलीने साखरेची मूठ पातेल्यावर धरली, तोच संपादकबाईंनी खालून काचेचं भांडं पुढे सरकवलं.

"आधी यात, ताई. वजन करते, मग पातेल्यात."

"अहो, मूठ माझीच आहे. पळून जातेय का कुठे?"

"पण तुमची मूठ पाककृतींच्या पुस्तकात कशी छापू?"

थोरली हसली आणि तिने मूठ उघडली. काट्यावर आकडा उमटला, संपादकबाईंनी तो वहीत टिपला, भांडं परत तिच्या हातात दिलं. तीन दिवस हेच चाललं होतं. चिमूट टाकायला जावं तर चिमटीखाली काटा, धार धरावी तर धारेखाली माप. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं रांधलेला तो हात. चौघांपुरतं करायचं म्हटलं की तिला भातुकली मांडल्यासारखं वाटायचं. पण संपादकबाई गोड होत्या, आणि काम धाकट्या बहिणीचं होतं.

प्रकाशकांच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळं पांढरंशुभ्र. ओटा पांढरा, भिंती पांढऱ्या, डाग पडायच्या आधीच पुसायला फडकं तयार. खिडकीजवळच्या लांब टेबलावर आधीचे पदार्थ मांडून ठेवले होते: हिरव्या सारणाच्या बेडूकटोप्या, बुडालेल्या घंटांचे केक, ताटलीवर वाडगा उपडा घालून वाढायचं उलटं सूप. सगळे 'तळ्याखालचं गाव'मधले. गोष्टींच्या त्या पुस्तकाचे नऊ भाग ज्या घरात मूल आहे त्या घरात असायचेच, कडा कुरतडलेले, पानं दुधाने चिकटलेली. शाळेत ताट पुढे करून रांगेत उभी असलेली पोरंसुद्धा त्यातलंच काहीबाही बडबडत असत. वाढणारी बाई त्या पुस्तकांच्या लेखिकेची सख्खी बहीण आहे, हे थोरलीने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पोरांना ते खरं वाटलं नसतं, आणि खरं वाटलं असतं तर रांग मोडली असती.

"माझ्या पुस्तकातलं रांधायला तुझ्याशिवाय कोण आहे, ताई?" धाकटीने फोनवर विचारलं होतं. थोरलीने तीन दिवसांची रजा टाकली होती.

आज शेवटचा पदार्थ. लाजरी.

"या एकाचीच मूळ कथा राहिलीय," संपादकबाई वही चाळत म्हणाल्या. "प्रत्येक पदार्थाच्या डोक्यावर चार ओळी आहेत, तो लेखिकेला कसा सुचला त्याच्या. बाकीच्या त्यांनीच लिहून दिल्या. लाजरीचं म्हणाल्या, ताईला विचारा."

"म्हणाली का तसं?"

"हो. ताईच सांगेल म्हणाल्या."

थोरलीने साखर कोरड्या पातेल्यात पसरली आणि आच बारीक केली. "सांगते की. ती येऊ दे. तिच्यासमोरच सांगते."

हे तिने परवापासून मनात घोळवून ठेवलं होतं. परवापासून कसलं, चाळीस वर्षांपासून.

आई संध्याकाळच्या पाळीला धुलाईखान्यात जायची. जाताना ओट्यावर एक पेला दूध आणि उरलेला पाव ठेवून जायची. दोघी वाटून खा, म्हणायची; तिलाही ठाऊक होतं की त्यात वाटण्यासारखं काही नाही. थोरली तेव्हा अकराची, धाकटी पाचाची. थोरली दुधात पाणी घालायची, त्याआधी साखर तळाशी करपवायची, कारण करपली की थोडी साखरही पुष्कळ वाटते. त्यात पावाचे तुकडे फुगायला टाकले की एक वाडगा भरायचा. एकच. दुसरा वाडगाही ती मांडायची, चमच्यासकट, पण त्यात काही पडायचं नाही. धाकटी तिच्या वाडग्यात डोकावू लागली तेव्हा थोरलीने एक गंमत रचली.

"ही लाजरी आहे," ती म्हणाली होती. "हिच्याकडे खाताना बघायचं नसतं. बघितलंस की लाजून सुकून जाते."

आणि वर चाल लावून दोन ओळी:

मिट मिट पापणी, लाजरी आली गं,
बघशील तर बाई, पाण्यात गेली गं.

धाकटी दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबायची. थोरली तिला भरवायची, आणि दर दोन घासांमागे स्वतःच्या रिकाम्या वाडग्यात चमचा वाजवायची, म्हणजे ताईही जेवतेय हे ऐकू यावं. तीन वर्षं.

पुढे ती लाजरी पुस्तकात आली, त्या दोन ओळींसकट. तळ्याखालच्या गावातल्या मुलीला ती भरवते कोण, तर गलेलठ्ठ, गडगडाटी हसणारी तळ्याची मावशी, आणि मुलीपेक्षा दुप्पट स्वतः खाते. थोरलीने ते पान वाचलं तेव्हा ती हसली होती. मावशीचं ते पोट बघून तिला आतून ऊब आली होती. पोरीला खरंच वाटलं म्हणायचं, ताई पोटभर जेवते. फसवणूक फळाला आली म्हणायची. धाकटी मुलाखतींत सांगायची, "लहानपणी घरात फार नव्हतं, पण आम्ही दोघी बहिणी पोटभर जेवायचो." आधी आधी ते ऐकून थोरलीची मान ताठ व्हायची. अलीकडे त्या वाक्याशी घास अडायचा.

सांगितलं मात्र नव्हतं. सांगणं म्हणजे भरवलेला घास परत मागणं. पण आता पन्नाशी उलटली, आई गेली, आणि हे जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा, फक्त एकदा, धाकटीला कळावं. कळलं की तिचा चेहरा कसा होतो, तेवढं बघायचं होतं. बाकी काही नको.

साखर कडेने वितळून तांबूस झाली. थोरलीने दूध ओतलं. पातेलं फिस्कारलं, करपट-गोड वाफ अंगावर आली.

"वा," दारातून चित्रकार म्हणाला, "याच वासावर जिना चढून आलो." टक्कल पडलेला, सदा भुकेलेला माणूस. येता येता त्याने टेबलावरची एक बेडूकटोपी तोंडात टाकली.

"काल चित्रासाठी पाच ठेवल्या होत्या," संपादकबाई म्हणाल्या. "आज तीन दिसताहेत."

"बेडूकच ते. उड्या मारणारच."

त्याच्या मागून धाकटी आली. केसांत पांढरी बट, गळ्यात चष्मा, हात थोरलीच्या गळ्यात. "दमलीस ना ताई? तीन दिवस यांनी तुला नुसतं मोजायला लावलंय."

"मला नाही, साखरेला मोजताहेत. बस जरा. मला काही सांगायचंय."

"हो, ऐकणारच आहे. आधी यांचं चित्र बघते, म्हणजे यांना मोकळं करू."

चित्रकाराने कागद टेबलावर पसरला. मुलगी डोळ्यांवर हात धरून बसलेली, शेजारी तळ्याची मावशी, पोटाचे दोन डोंगर, पुढ्यात काठोकाठ भरलेला वाडगा. धाकटीने चष्मा चढवला आणि बराच वेळ बघितलं.

"हे बदलावं लागेल," ती म्हणाली. "मावशीला बारीक करा."

"बारीक? अहो, पोरं तिला पोटावरून तर ओळखतात."

"अगदी बारीक. अकरा-बारा वर्षांची करा. आणि तिचा वाडगा रिकामा काढा."

ओट्यापाशी थोरलीच्या हातातला डाव थांबला.

"रिकामा?" चित्रकाराने पेन्सिल कानावरून काढली.

"पूर्ण रिकामा. हातात चमचा हवा. तोंड खिडकीकडे वळवलेलं, मुलीच्या वाडग्याकडे बघायला लागू नये म्हणून. आणि ती चावतेय. तोंडात काही नाही, तरी चावतेय. जमेल ना काढायला?"

"जमवू. मग मुलगी? तिला कळत नाही का हे?"

"कळतं. तिची बोटं अशी काढा." धाकटीने आपला तळहात डोळ्यांवर ठेवला आणि दोन बोटं हळूच फाकवली. "इथून बघतेय ती."

दूध वर आलं. थोरलीने यंत्रासारखा हात पुढे केला आणि आच कमी केली. पावाच्या तुकड्यांचं भांडं उचललं. त्यांचं वजन झालंय की नाही हे न विचारता सगळे तुकडे पातेल्यात लोटले. संपादकबाईंनी तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून मिटलं.

"नऊ पुस्तकांत मला ते लिहवलं नाही," धाकटी सांगत होती. आवाज ओला झाला होता. "रिकामा वाडगा लिहायला बसले की हात थांबायचा. म्हणून मावशीला पोट दिलं, एवढं मोठं. आता म्हटलं, खरं ते काढू." ती वळली. डोळे चमकत होते, एखाद्याच्या पुढ्यात मोठी भेट ठेवून तो ती कधी उघडतो याची वाट बघावी तसे. "ताई, हे तुझ्यासाठी. वरच्या चार ओळी तू सांग, खाली हे चित्र. सगळ्या पोरांना कळू दे, खरी मावशी कोण होती ते."

संपादकबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. चित्रकार उगाच पेन्सिलीचं टोक बघत राहिला. मग संपादकबाई त्याला म्हणाल्या, "चला, आपण चित्रासाठीचे दिवे बाहेरून घेऊन येऊ," आणि दोघे बाहेर गेले.

थोरलीने पातेल्यावर झाकण ठेवलं. पाव फुगायला पाच मिनिटं लागतात. तिने ओटा पुसला. तो स्वच्छच होता.

"कधीपासून बघत होतीस?"

"पहिल्याच दिवसापासून. तू म्हणालीस सुकते, म्हणून बघितलं. खरंच सुकते का ते."

"सुकली?"

"नाही गं." धाकटी हसली. "मग तुझ्याकडे बघितलं."

"आणि परत डोळे मिटलेस."

"परत मिटले."

"तीन वर्षं."

"पाच वर्षांची होते मी, ताई."

"पहिल्या वर्षी पाच. शेवटी आठ पूर्ण झाली होतीस. भागाकार यायचा तुला."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणी ओरडून सांगत होतं, येऊ दे, येऊ दे.

"एकदा तरी म्हणायचंस," थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. शाळेत सांडलेलं ताट बघून पोराला विचारावं तितकाच होता. "ताई, तू एक घास घे. मी घेतला नसता. पण म्हणायचंस."

धाकटीने त्या चित्राची कड बोटाने सरळ केली.

"म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर तू घेतला असतास."

थोरलीने मान हलवली, मोजमाप बरोबर आलं की संपादकबाई हलवायच्या तशी. खोटं नव्हतंच ते. एखाद्या संध्याकाळी घेतलाही असता. तिने बहिणीचा चेहरा बघितला. चाळीस वर्षं जो चेहरा बघायचं तिने मनात धरलं होतं तो हाच. पण तो तिच्याआधीच सगळं बघून बसला होता.

बाहेरून दिव्यांची खडखड आत आली. चित्रकार उगाचच मोठ्याने बोलत होता. संपादकबाईंनी वही उघडली, कोरं पान काढलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, सांगताय ना मूळ कथा? सावकाश सांगा. मी लिहून घेते."

"गोष्ट हिलाच विचारा," थोरली म्हणाली. "बघत ती होती. माझं तोंड खिडकीकडे होतं."

संपादकबाईंची पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. त्यांनी लेखिकेकडे बघितलं. लेखिकेने चष्मा काढून हातात धरला होता.

थोरलीने झाकण उचललं. पाव फुगून वर आला होता, तांबूस दूध कडेला बुडबुडत होतं. चित्रासाठी आणलेले दोन निळे वाडगे टेबलावर होते. तिने एक ओढला, काठोकाठ भरला, एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि सगळ्यांच्या मधोमध बसून खायला लागली. घाई केली नाही. कुणाला घे म्हणाली नाही.

"तो वाडगा चित्रातला..." चित्रकार पुटपुटला. संपादकबाईंनी त्याच्या बाहीला धरलं.

"कशी झालीय, ताई?" धाकटीने विचारलं. ती अजून उभीच होती.

थोरलीने तोंडातला घास संपवला.

"फार गोड आहे," ती संपादकबाईंना म्हणाली. "साखर निम्मी लिहा."