बायेच्या मळ्याची ओटी

मार्गशीर्षातली सकाळ. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून खाडी निवळलेली, नितळ, निरभ्र. ओहोटी लागते, पाणी हलकेच मागे सरतं आणि कोवळं ऊन थेट तळाशी उतरतं. तिथे गवत आहे. पाण्याखालचं गवत! तुळशीच्या पानाएवढी इवली पानं, मरकतवर्णी, मृदुल, प्रवाहासंगे लवणारी, प्रवाहासंगे उठणारी. गाव त्याला बायेचा मळा म्हणतं. बाय म्हणजे खाडीची देवी.

इंदुमती कुबल या मळ्याच्या कडेने तिसऱ्या, वाळूतले शिंपले, काढते. गुडघाभर पाण्यात वाकायचं, बोटांनी वाळू चाळायची. उभा जन्म यात गेला, पण तिचं नवल काही सरलं नाही. पानांआडून रुपेरी पिल्लांचा थवा निघतो, झळकतो, विरतो. एखादा घोडामासा देठाला शेपटी गुंडाळून समाधिस्थ डुलत राहतो. ती हातचं काम सोडून बघत बसते. टोपली अर्धीच भरते. घरचे हसतात. हसू देत बापडे.

गेल्या साली मळा आणखी हिरवा झाला. हिरव्यावर हिरवं, गर्द, घनदाट, मखमली. बायेला दिवस गेले, असं बायका म्हणाल्या, आणि मग काय विचारता! हिरवी लुगडी निघाली, हिरवे चुडे किणकिणले. होडीतून मळ्यावर जाऊन त्यांनी बायेची ओटी भरली. तांदळाची पहिली ओंजळ सोडली ती इंदुमतीनेच, आणि तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

यंदा मात्र पिल्लं दिसेनात. तिसऱ्या हाती लागेनात. इंदुमतीने वाकून एक पान चिमटीत धरलं, हलकेच चोळलं, तर हिरवेपण तिच्या बोटांवर उतरलं. बुळबुळीत, ओल्या लोकरीसारखं. खालचं पान तपकिरी होतं, निस्त्राण होतं. धरता धरता तुटलं.

ते शेवाळ होतं. पानापानावर बसलेलं, पानापानाचा उजेड खाणारं. डोहाळे समजून आपण ज्याचा सोहळा केला, ते बायेचं मरण होतं! तिला आधी लाज वाटली, मग भय वाटलं.

तिने मान वर केली. समोर खारबंधाऱ्याची उघाडी होती, आणि पाणी सोडायच्या त्या दारातून तिच्याच लेकाच्या, दिगंबरच्या कोळंबीच्या, म्हणजे सुंगटांच्या, तळ्याचं पाणी खाडीत येत होतं. संथ, हिरवट, फेसाळ.

तिने हाक मारून त्याला बंधाऱ्यावरून पाण्यात उतरवलं. बोटांवरचं शेवाळ दाखवलं.

"ह्यां काय इख न्हय गे आये," दिगंबर म्हणाला. "सुंगटांचां उरलेलां खाणां तां. गवताक खतच."

"पोराक भूक नसताना भरवलां तर तां तोंड फिरवता," ती म्हणाली. "नको म्हणाक ह्येका तोंड खंय आसा रे?"

दिगंबरने खाली पानांकडे पाहिलं. लहानपणी तो याच मळ्यात पोहायला शिकला होता. मोठेपणी बंधाऱ्यावरूनच त्याने हा हिरवा रंग पाहिला होता.

इंदुमती वाकली. तान्ह्याचे डोळे पुसावेत तसं तिने अंगठ्याने एक पान पुसलं. वरून पुसलं, खालून पुसलं. त्या उघड्या, स्वच्छ, थरथरत्या पानावर ऊन पडलं. क्षण गेला, दुसरा गेला. आणि पानाच्या कडेशी एक बुडबुडा जन्मला. मोहरीएवढा. शुभ्र, तेजोमय, परिपूर्ण. तो सुटला, डुलत डुलत वर आला आणि दोघांच्या मधोमध, पाण्याच्या पृष्ठावर, निःशब्द फुटला.

श्वास होता तो. दिगंबरने आपला श्वास रोखून धरला होता.

"पडीक शेतात मुरवतंय तळ्याचां पाणी," तो पुटपुटला. "सुंगटांचां एक पीक बुडलां तरी चलात." आणि ओल्या पायांनीच बंधाऱ्याकडे चालू लागला.

ती दुसऱ्या पानाकडे वळली. मग तिसऱ्या पानाकडे. मळा अफाट होता, अंगठा एवढासा होता, हे काय तिला कळत नव्हतं? तरी ती पुसत राहिली. वर उघाडीत फळी बसल्याचा आवाज आला. मग दुसरी फळी. मग तिसरी. तिच्या गुडघ्यांशी ओढ घेणारं पाणी मंदावलं, थबकलं, निवांत झालं. आणि त्या निवांत पाण्यातून, तिच्या हातांभोवती, एक एक बुडबुडा सोडत, बाय श्वास घेऊ लागली.