सुताराच्या घरात प्लॅस्टिक

या ऑक्टोबरात घराच्या खिडक्यांना झडपा लागणार म्हणजे लागणारच, असं डेस्ली ट्रॉटनं मनाशी पक्कं केलं होतं. मग नवरा रुसो, फुगो, नाहीतर घराखाली जाऊन आपल्या करवतींशी गप्पा मारत बसो.

त्यांचं घर ऑस्ट्रेलियातल्या बार्गाराच्या किनाऱ्यावर, खांबांवर उभं असलेलं, लाकडी. हवेशीर वगैरे सगळं खरं, पण पश्चिमेकडची बैठकीची खोली दुपारी दोननंतर भट्टी व्हायची. पडदे होते, ते मूळचे निळे होते हे आता फक्त डेस्लीलाच आठवत होतं. मागच्या उन्हाळ्यात तिनं समुद्रावर न्यायची मोठी छत्री सोफ्यामागे उभी केली आणि तिच्याखाली बसून अख्खी क्रिकेटची मॅच पाहिली. शेजारणीनं ते खिडकीतून पाहिलं. शनिवारी हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवायच्या क्लबात प्रत्येक जण तिला विचारत होता, "काय डेस्ली, सोफ्यावर भरती किती वाजता येते?"

आणि हे सगळं कुणाच्या घरात, तर नेव्हिल ट्रॉटच्या! गावातले निम्मे जिने आणि जवळजवळ सगळ्या धड उघडणाऱ्या खिडक्या नेव्हिलनं केलेल्या. चाळीस वर्षं सुतारकी केली, दारं बसवली, लोकांची घरं सजवली. स्वतःच्या घराचं मात्र भिजत घोंगडं. अकरा वर्षांपूर्वी जुनी शाळा पाडली तेव्हा तिथलं तांबडं सीडरचं लाकूड त्यानं उचलून आणलं आणि जाहीर केलं, "याच्या झडपा करतो. आडव्या पट्ट्यांच्या, हव्या तशा फिरवता येणाऱ्या. गावात कुणाकडे नसतील अशा!" ते लाकूड अकरा वर्षं घराखाली ताडपत्रीत गुंडाळून पडलं होतं. दर हिवाळ्याला नवं कारण निघायचं. एकदा गुडघा, एकदा होडी, एकदा म्हणे लाकूड अजून मुरलं नाही. या हिवाळ्यात तर त्यानं कारण द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. नुसतं "बघू" म्हणाला.

डेस्लीनं क्लबात याचा एक छान किस्साच करून ठेवला होता. "आमच्या अकरा वर्षांच्या खिडक्या" म्हटलं की लोक आधीच हसायला लागत.

शेवटी तिनं जवळच्या बंडाबर्ग शहरातल्या झडपांच्या दुकानात फोन केला, आणि मंगळवारी सकाळी दहाला तिथली कार्लीन माप घ्यायला आणि नमुने दाखवायला हजर झाली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला फटकळ बाई. तिच्या आईच्या घरचा जिना नेव्हिलनंच केलेला, त्यामुळे ती त्याला जरा वचकून होती. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी उघडली. डेस्लीनं चहा आणि भोपळ्याचे स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे पाव, पुढे केले. नेव्हिल दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला.

"तीन प्रकार आहेत," कार्लीन म्हणाली. "लाकूड, पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम."

"म्हणजे लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा," नेव्हिल म्हणाला.

"नेव्हिल, तिला बोलू दे."

"बोलू दे की. मी फक्त सोपं करून सांगतोय."

कार्लीननं स्कोनला लोणी लावत सगळं समजावलं. लाकूड वजनाला हलकं, त्यामुळे रुंद खिडकीची झडपसुद्धा बिजागरीवरून लोंबत नाही. दिसायला तर बघायलाच नको. पण न्हाणीघरात वाफ लागली की पट्ट्या वाकतात आणि रंगाचे पोपडे निघतात. पीव्हीसीला पाणी, वाफ, खारा वारा, कशाचंच काही वाटत नाही. फक्त ते जड, म्हणून एक झडप फार रुंद करता येत नाही. ॲल्युमिनियम कणखर, पण ते लोक जास्त करून व्हरांड्याला लावतात.

"आणि उसाची राख?" डेस्लीनं विचारलं. आसपासच्या शेतांत तोडणीआधी ऊस पेटवला की काळी राख सगळ्या गावावर उतरायची, आणि पांढऱ्या रंगाशी तिचं खास वैर होतं.

"प्लॅस्टिकला ओला फडका मारा, झालं."

"ऐकलंस?" डेस्ली नवऱ्याकडे वळली. "ओला फडका मारायचा. झालं!"

"प्लॅस्टिकच्या डब्यात माणसं सँडविच ठेवतात, डेस. आपण घरात राहतो."

"सँडविच तरी गार राहतं! मी मागच्या जानेवारीत कडेनं करपले होते."

"सुताराच्या घरात प्लॅस्टिकच्या झडपा! लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोकांना कळणारसुद्धा नाही," कार्लीन मध्येच म्हणून गेली. "पांढरा रंग दिल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. भले भले फसतात."

हे बोलायला नको होतं, हे तिला लगेच कळलं, पण तीर सुटला होता. नेव्हिल दारापासून हलला आणि टेबलापाशी आला.

"कोण भले भले?"

"म्हणजे... गिऱ्हाईकं हो."

"गिऱ्हाईकं फसतील. मी डोळे मिटून ओळखीन."

डेस्लीनं हातातला कप खाली ठेवला. अशी संधी अकरा वर्षांत एकदाच येते. "लावतोस पैज? तिन्ही नमुने ओळखलेस तर मी आणखी एक वर्ष थांबते. तुझ्या सीडरसाठी. तोंडातून अवाक्षर काढणार नाही, क्लबातसुद्धा नाही. एक जरी चुकलास तर सगळ्या घराला प्लॅस्टिक."

नेव्हिल क्षणभर थांबला. ते थांबणं डेस्लीला नंतर आठवलं. तेव्हा तिला वाटलं, म्हातारा हिशेब करतोय.

"लावली," तो म्हणाला.

डेस्लीनं भांडी पुसायचा फडका त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. कार्लीननं एकेका पट्टीचा वीतभर तुकडा त्याच्यापुढे मांडला. तिन्ही पांढरे, तिन्ही गुळगुळीत.

नेव्हिलनं पहिल्यावर नख टेकवलं आणि टिचकी मारायला बोट वाकवलं, तोच डेस्ली ओरडली, "अं हं! वाजवायचं नाही. आवाजावरून कुणीही सांगेल."

"अगं, सुतार वाजवूनच बघतो!"

"आणि उचलायचं नाही, वजन कळतं. आणि वास घ्यायचा नाही."

"मग काय, त्याला फोन करून विचारू?"

"बोटांनी, नेव्हिल. आंधळ्यानंसुद्धा सांगावं असं काम करतो म्हणतोस ना? मग बोटांनी सांग."

कार्लीन खुदकन हसली. नेव्हिल हसला नाही. त्यानं उजव्या हाताची बोटं पहिल्या तुकड्यावरून फिरवली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मान तिरकी केली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"हे प्लॅस्टिक," तो म्हणाला. "छी! साबण लावल्यासारखं लागतंय."

ते लाकूड होतं. डेस्लीनं तोंडावर हात दाबला.

"हे..." दुसऱ्यावर त्याची बोटं जरा जास्त वेळ रेंगाळली. "हे लाकूड. काही शंकाच नाही. रंगाखालून रेषा लागतात, कितीही घासा. याला म्हणतात लाकूड!"

कार्लीननं जोरात हसायला सुरुवात केली, कारण ते ॲल्युमिनियम होतं. डेस्लीही हसली. टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आता शनिवारी क्लबात हे कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा तिच्या मनात जुळायला लागली होती.

"राहिला तो पत्रा," नेव्हिल म्हणाला आणि फडका खाली ओढला. दोघींची तोंडं पाहिली आणि त्याला कळलं.

"तिन्ही?"

"तिन्ही!" कार्लीन डोळे पुसत म्हणाली. "अहो, पण यात लाज कसली? रंगाचे चार हात आहेत. कुणालाच कळत नाही."

"हो ना," डेस्ली म्हणाली आणि हसता हसताच तिनं तो मधला तुकडा उचलला.

तो गार होता. पंख्याखाली पडलेला धातू जसा लागतो तसा, बोट टेकताच कळणारा. तिनं शेजारच्या लाकडाला हात लावला, मग पुन्हा धातूला. कुणालाच कळत नाही? हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. तिचं हसू कुठे गेलं ते तिलाच समजलं नाही.

"बरं का कार्लीन," ती घाईनं म्हणाली, "आपण अजून नक्की नको करू या. मी थांबेन म्हणते. एखादं वर्ष काय..."

"नाही," नेव्हिल म्हणाला. "पैज म्हणजे पैज. लिही गं बाई, प्लॅस्टिक. सगळ्या खिडक्यांना."

"नेव्हिल, मी म्हणतेय ना..."

"प्लॅस्टिक, डेस. चांगलं असतं. फडका मारला की झालं."

अकरा वर्षं जो माणूस प्लॅस्टिकच्या नावानं बोटं मोडत होता, तो आता ते तिलाच विकत होता. कार्लीननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, मग मापाची फीत घेतली आणि शहाण्यासारखी उठली. "मी मापं घेते. जुनी घरं, एकही खिडकी काटकोनात नसते. प्रत्येक तीन तीनदा मोजावी लागते. वेळ लागेल मला," असं म्हणत ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

नेव्हिल स्कोनचा चुरा बोटानं बशीत गोळा करत होता.

"शर्ट घालायचे कधी सोडलेस रे तू?" डेस्लीनं विचारलं.

"काय?"

"बटणांचे शर्ट. मार्चपासून नुसते टी-शर्ट घालतोयस. मला वाटलं, म्हाताऱ्याला तरुण व्हायचंय."

तो चुरा गोळा करत राहिला.

"आणि जुलैत ओव्हनचा ट्रे उघड्या हातानं धरलास. मी शिव्या घातल्या, लक्ष कुठे असतं म्हणून. फोड आला होता. तुला दुखलंच नाही ना तेव्हा?"

"थोडं दुखलं. नंतर."

"नेव्हिल."

"मुंग्या येतात, बाकी काही नाही," तो बशीकडे बघत म्हणाला. "आधी सकाळी यायच्या. आता मुंग्यासुद्धा येत नाहीत. मागच्या हिवाळ्यात एक फळी रंधायला घेतली होती, ती नीट झाली की नाही हेच कळेना. पुन्हा पुन्हा हात फिरवला. डोळ्यांनी बघून काम करणारा सुतार असतो का गं? म्हटलं, राहू दे. पुन्हा गुंडाळून ठेवली."

"आणि पैज कशाला लावलीस गाढवा?"

"वाटलं, टिचकी मारून ओळखीन. तू वाजवूच दिलं नाहीस."

डेस्लीला संताप आला. त्याचा आला, आणि त्याच्या दुप्पट स्वतःचा. अख्ख्या गावाला हसवलं होतं तिनं. 'आमच्या अकरा वर्षांच्या खिडक्या!' तो तिथेच बारपाशी उभा असायचा आणि सगळ्यांबरोबर हसायचा. आळशी म्हणवून घ्यायला तयार होता हा माणूस, पण एक शब्द बोलला नव्हता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काय सांगणार तो? वय झालं म्हणेल."

"ते त्याला म्हणू दे. पैसे तो त्याचेच घेतो. मी आत्ता फोन करते, आणि तू येणार आहेस. येणार आहेस ना?"

"येतो."

इतक्या पटकन तो 'येतो' म्हणाला, यावरून डेस्लीला कळलं की तो किती घाबरलेला आहे. ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"दे हात. उजवा. डोळे मीट."

"पुन्हा पैज?"

"मीट म्हणते ना! मी बोटाला हात लावला की सांगायचं."

त्यानं डोळे मिटले आणि हात टेबलावर उताणा ठेवला. चाळीस वर्षांचे घट्टे पडलेला तो हात तिनं कितीतरी दिवसांत असा नीट पाहिला नव्हता. तिनं करंगळीच्या टोकाला आपलं बोट टेकवलं.

"हो," तो म्हणाला. "करंगळी."

शेजारच्या बोटाला लावलं.

"हो. हे कळतंय."

मधल्याला लावलं. तो जरा थांबला. "हो... आहे. लांबून लागल्यासारखं."

डेस्लीनं हात मागे घेतला. तिला अंगठ्याशेजारच्या बोटाला हात लावायचा होता. सुताराचं सगळं त्याच बोटात असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही माहीत झालं होतं. तिचा हात उचलेना.

"हो," नेव्हिल म्हणाला. "हेही लागलं. छान लागलं. बघ, एवढं काही बिघडलेलं नाही."

आतल्या खोलीत कार्लीनची मापाची फीत सर्रकन आत गेली. डेस्लीला वाटलं, म्हणावं 'बरोबर', आणि सोडून द्यावं. तिचे ओठसुद्धा तसे हलले.

"नेव्हिल," ती म्हणाली, "मी अजून हात लावलाच नाही."

त्यानं डोळे उघडले नाहीत. हातही मागे घेतला नाही.

"मग लाव ना आता," तो म्हणाला.

तिनं तो अख्खा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कार्लीन मापं घेऊन परत येईपर्यंत सोडला नाही.