पुसलेलं वाक्य

पाचोऱ्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मौननाथ महाराज समोरच्या पोथीत पाहायचे आणि माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याचं दुःख सांगायचे. दर्शनाआधी मोबाईलवर एक फॉर्म तेवढा भरायचा होता : नाव, गाव, अडचण.

धुरपदाबाई निवृत्त बालवाडी शिक्षिका, घरात एकट्याच. अडचणीच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'मी लेकीला दार उघडलं नाही.' सात वर्षांपूर्वी लेक रूपा परजातीत लग्न करून भेटायला आली होती, त्या दिवसाचं हे. मग लाज वाटली. वाक्य पुसून त्यांनी 'मनःशांती' लिहिलं आणि फॉर्म पाठवला.

महाराज म्हणाले, "माय, लेकीला दार उघडलं नाहीस."

धुरपदाबाईंना रडू आवरेना. इतक्या वर्षांत रूपाचा विषय त्यांच्याजवळ कोणी काढलाच नव्हता. लेक परत येईल, पुढच्या गुरुवारी हातातल्या पाटल्या अर्पण कर, असं महाराजांनी बजावलं.

शेजारच्या घरातली भाविका नावाची तरुणी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिने शंका काढताच धुरपदाबाई म्हणाल्या, "मी ते पुशी टाकं व्हतं. मंग त्याले कसं समजनं?"

भाविकाने फॉर्म लॅपटॉपवर उघडला आणि त्या वेबपानामागे चालणारी माहितीची देवघेव दाखवली. धुरपदाबाई लिहीत गेल्या तसतसा नाव, गाव, अडचण असा सगळा मजकूर एका ओळीत जोडला जाऊन दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरकडे निघत होता, तोही 'पाठवा' दाबण्याआधी. पुसलं जायचं ते फक्त पडद्यावरून.

 कोणीतरी आपल्याला ओळखलं, एवढंच सुख धुरपदाबाईंच्या हाती लागलं होतं. तेही गेलं.

गुरुवारी त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं, 'माझा मुलगा अभिमन विहिरीत बुडाला.' आणि पुसलं. महाराज पोथीत पाहून गहिवरले. "माय, तुझा अभिमन पाण्यात तळमळतोय."

"माले पोऱ्या शेच नही," मुलगा कधीच नसलेल्या धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी पोथी लोकांकडे फिरवली. पानांच्या आड मोबाईल होता. पुसलेलं वाक्य त्यावर लख्ख दिसत होतं.

गर्दीत कुजबुज वाढली. सोबत आलेल्या भाविकाने सगळी रीत समजावून सांगितली. मग म्हणाली, "हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे याला कळलं कुठून?"

घरी येऊन धुरपदाबाईंनी सात वर्षांत पहिल्यांदा रूपाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. त्यांनी ठरवलं, उद्या पुन्हा लावायचा, परवाही. लेक येईल की नाही, हे फक्त रूपाच सांगू शकत होती.