कमी गर्दीचा विषय

दासोमचं हे तिसरं वर्ष, हे आधी लक्षात घ्या. दोनदा प्रवेशपरीक्षा देऊन पोरगी हात हलवत परत आलेली, आणि आईने यंदा स्पष्टच सांगितलं होतं, की आता नाही झालं तर उभी राहा माझ्याबरोबर दुकानात. दुकान तोंडीलावण्यांचं. मुरवलेला मुळा, तिळाच्या तेलातला पालक, कमळकाकडी. घरभर लसणाचा वास, दासोमच्या पुस्तकांनासुद्धा.

अर्ज तीनच करता येतात. पहिले दोन तिने सोलच्या बड्या विद्यापीठांना धाडले होते, म्हणजे नवसच, पावला तर पावला. खरा काय तो तिसरा, किनाऱ्यावरच्या सरकारी विद्यापीठाचा. तिथे समुद्रशास्त्र होतं. पाचवीपासून तिच्या भिंतीवर समुद्रातल्या प्रवाहांचा नकाशा आहे, वाफेने पार फुगलेला, तरी काढू देत नाही. गुणही पुरतील असे होते. भरपूर नाही, पण पुरतील.

आणि तिथेच मामा आला, शेवटच्या दिवशी. कुठल्या विषयाला किती अर्ज आलेत ते दुपारी तीनपर्यंत दिसतं, मग आकडे झाकतात, आणि सहापर्यंत सगळे अंधारात उड्या मारतात. त्या दिवशी घरोघरी हेच चाललेलं असतं. दुकानामागच्या खोलीत मामा लॅपटॉपला नाक लावून बसला होता.

"समुद्रशास्त्र, वीस जागा, साठ अर्ज. सहापर्यंत दोनशे होतील, गेल्या वर्षी झाले होते," तो म्हणाला. "आणि हे बघ, तत्त्वज्ञान. जागा आठ, अर्ज सहा. अगं, दार सताड उघडं टाकून झोपलेत लोक."

"मला तत्त्वज्ञान नकोय, मामा."

"मला तरी जर्मन साहित्य कुठं हवं होतं? रिकामं दिसलं, घुसलो. आज पदवीधर म्हणून मिरवतो की नाही?"

"विमे विकतोस," आई मुळा कापता कापता म्हणाली.

"पदवीधर विमे विकतो, ताई."

दासोम हसली. त्या दिवशीचं तेवढंच. मग तीन वाजले, आकडे गेले, आणि तिने समुद्रशास्त्र निवडलं, पुसलं, परत निवडलं. बोट नुसतं तरंगत राहिलं. सहाला थोडा वेळ उरला तेव्हा आई हात पुसत शेजारी येऊन बसली. ओरडली नाही, हेच वाईट.

"बाई, चौथं वर्ष माझ्याच्याने निघणार नाही. तू नुसती आत शिर. आत गेल्यावर विषय बदलता येतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

दासोमने आईच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तत्त्वज्ञान निवडून अर्ज पाठवला. तिनेच. कुणी हात धरला नव्हता. एकदा पाठवलेला अर्ज मागे घेता येत नाही.

सहानंतर शेवटचे आकडे लागले. तत्त्वज्ञान, जागा आठ, अर्ज दोनशे एकतीस. देशातल्या सगळ्या मामांना तेच उघडं दार दिसलं होतं, आणि दासोमहून कितीतरी जास्त गुणांची पोरं घाबरून त्यातून आत घुसली होती. मामाने खाली समुद्रशास्त्र बघितलं. बासष्ट. तीन तासांत फक्त दोन वाढले होते, बाकीचे साठचा आकडा बघूनच पळाले.

"म्हणजे तू इथं आरामात..."

"बोलू नकोस," आई म्हणाली.

"ताई, प्रतीक्षायादी असते. यादी पुढं सरकते."

"आठ जागांची किती सरकणार, मामा?" दासोमने विचारलं. आवाज इतका सरळ होता, की मामाने उगाच बूट शोधायला सुरुवात केली. रडली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं.

पुढे दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, वरच्या मजल्यावरच्या आजी. त्यांना अर्धा डबा पालक हवा होता. आई आत तशीच बसून राहिली, म्हणून दासोम उठली.

"काय गं, यंदा कुठं भरलंस?" आजींनी विचारलं.

"तिखट हवंय की साधं, आजी?"

"साधं दे. आणि कॉलेजचं?"

दासोमने पालक भरला, झाकण दाबलं. ते बसेना. ती दाबत राहिली.

"मी आता इथंच असते," ती म्हणाली.