मेंढ्यांनी राखलेली धावपट्टी

विमान वर न्यायला कुणीही शिकवतो, असं प्रतिभा पगारेचं स्पष्ट मत होतं. वर जायची हौस सगळ्यांनाच असते. प्रश्न येतो तो उतरण्याचा. त्यातही डांबरावर उतरण्यात तिला विशेष काही वाटायचं नाही. इंजिन बंद पडतं तेव्हा खाली डांबर असेलच असं नाही. खाली असतं माळरान, नाहीतर कुणाचं तरी कोथिंबिरीचं शेत. म्हणून खडकेवाडीच्या माळावरच्या क्लबात ती पोरापोरींना गवतावर उतरायला शिकवायची. आधी पायी फिरवायची, टाचेनं जमीन दाबून बघायला लावायची, आणि मगच विमानात बसवायची. तिची आई भिमाबाई, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्या विमानात एकदाही बसली नव्हती. ज्या वाहनाला हॉर्न नाही त्यात आपण बसत नाही, असं तिनं कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

क्लबची धावपट्टी त्र्यंबक रस्त्यापासून आत होती. वर गवत, मधोमध मुरूम आणि दोन्ही टोकांना काळी माती. गवत कापायचं यंत्र क्लबकडे होतं, पण ते वारंवार दुरुस्तीला जायचं आणि एकदा गेलं ते परत आलंच नाही. तेव्हापासून ते काम बहिरू धनगराच्या मेंढ्या करत होत्या. त्यांना डिझेल लागत नव्हतं. बहिरूशी ठरलेली पद्धत साधी होती: उतरण्याआधी विमानानं पट्टीवरून खालून, कमी उंचीवर, एक फेरी मारायची. ती दिसली की बहिरू डोक्यावरचं लाल मुंडासं सोडून हलवायचा, मेंढ्या एका कडेला घ्यायचा, आणि मग विमान उतरायचं. यात कधी गडबड झाली नव्हती. मेंढ्यांची शिस्त बघून प्रतिभा विद्यार्थ्यांना टोमणे मारायची.

मग सिंहस्थ जवळ आला आणि गाड्या लावायला जागा शोधत एक समिती माळावर येऊन गेली. समितीच्या अध्यक्षांना सगळे मोठे साहेब म्हणत. प्रतिभा त्यांना जाऊन भेटली. गवतावर उतरणं म्हणजे काय, ते शिकवणं का गरजेचं आहे, हे तिनं त्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण ती कच्ची आहे ना? तिनं पुन्हा सांगितलं. साहेब म्हणाले, हो हो, ते कळलं, पण कच्ची आहे ना? शेवटी असं ठरलं की समितीसमोर एकदा विमान उतरवून दाखवायचं. उतरलं तर पट्टी क्लबची. नाही उतरलं तर ती निकामी समजायची आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे.

प्रतिभाला ही अट आवडली. परीक्षेत तिला स्वतःचाच विषय आला होता. तिला फक्त एका गोष्टीचा अंदाज नव्हता: क्लबचे सचिव झुंबरकाका.

काका मनानं अतिशय चांगले होते आणि पाहुणे म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. त्यांनी सर्वात आधी बहिरूला मेंढ्यांसकट माळावरून काढलं. लेंड्यांवरून चालत येताना साहेब कसे दिसतील, या कल्पनेनं त्यांना झोप लागत नव्हती. बहिरू बांध ओलांडून मेंढ्या पलीकडच्या गायरानात घेऊन गेला. त्यानंतर समितीची भेट दोनदा पुढे ढकलली गेली. गवत मात्र पुढे ढकललं गेलं नाही.

भेटीच्या दिवशी सकाळी प्रतिभा ओझरच्या विमानतळावरून निघाली. देखभालीसाठी तिकडे नेलेलं विमान घेऊन ती परत येत होती. दोन माणसांचं, हलकं, स्वभावानं गरीब विमान होतं ते. गंगापूर धरणाचं पाणी मागे पडलं, माळ दिसू लागला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पट्टीच्या ज्या टोकाला मांडव घातला होता, तिथली जमीन ओल्या गोणपाटासारखी काळी दिसत होती.

तिनं रेडिओवर विचारलं, "काका, पट्टी काळी का दिसतेय?"

खरखरीतून काका म्हणाले, "पाणी मारलंय, ताई. धूळ बसावी म्हणून. पाहुणे आहेत."

"किती मारलंय?"

"टँकरवाल्यानं प्रेमानं मारलं."

प्रतिभानं सवयीप्रमाणे खालून एक फेरी मारली. खालचं दृश्य बघण्यासारखं होतं. मांडव, सुस्वागतमचा फलक, कडेनं फक्कीची रेघ, आणि बरोबर जिथे विमान थांबायचं तिथे मोठी रांगोळी. तिच्या आजूबाजूला पाणी साचून चकाकत होतं. पट्टीच्या उरलेल्या भागात गवत इतकं माजलं होतं की त्यात चाकं कुठे जातील आणि काय घेऊन परत येतील, हे सांगता आलं नसतं. पाहुण्यांच्या स्वागतात पट्टी पुरती बुडाली होती.

आणि बांधापलीकडे गायरान होतं. कोरडं, हलक्या चढाचं, नुकतीच दाढी केल्यासारखं साफ. मेंढ्यांनी इतके दिवस तिकडे मन लावून काम केलं होतं. विमान डोक्यावरून गेलं तसं बहिरूनं मुंडासं सोडून हलवलं आणि मेंढ्या एका कडेला घेतल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. फेरी आली की मेंढ्या बाजूला, एवढंच ठरलेलं होतं; कुठल्या जमिनीवर, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

रेडिओवर आता मोठे साहेब आले. "मॅडम, उतरता येत नसेल तर परत जा. आम्ही तशी नोंद घेतो."

परत जाण्यात लाज नसते, हे प्रतिभा विद्यार्थ्यांना रोज सांगायची. ओझरचं लांबरुंद डांबर तिची वाट बघत होतं. रागानं विमान चालवू नये, हेही ती सांगायची. म्हणून तिनं आधी स्वतःचा राग तपासून पाहिला. राग होताच, चांगला भरपूर होता. पण गायरानही होतं, आणि ते रागानं तयार झालेलं नव्हतं. अडचणीत जागा कशी निवडावी हे दाखवायला तिनं त्याच गायरानात कित्येक तुकड्या पायी फिरवल्या होत्या. तिथला कुठला भाग टणक आहे, कुठे दगड वर आलेत, हे तिला आईच्या ओट्याइतकं माहीत होतं.

"साहेब, उतरता येतंय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी पाणी मारलंय तेवढी जागा सोडून सगळीकडे उतरता येतंय."

एवढं बोलून तिनं रेडिओचा आवाज बारीक केला. वाऱ्याकडे तोंड करून, चढाच्या दिशेनं, इंजिन जरासं चालू ठेवून ती खाली आली. आधी मागची दोन चाकं टेकली, इतकी हळू की टेकली हे कळायला एक क्षण लागला. पुढचं चाक तिनं उचलून धरलं आणि ते स्वतः दमून खाली येईपर्यंत येऊ दिलं. ब्रेकला पाय लावला नाही. चढानं विमान थांबवलं, मग तिनं इंजिन बंद केलं. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

विमान लांब उतरलं हे पाहून साहेबांनी गाडी थेट तिकडे घ्यायला सांगितली. थेट म्हणजे पट्टीवरून. गाडी रांगोळीपर्यंत डौलात गेली आणि तिथेच बसली. ड्रायव्हरनं जोर लावला तशी ती आणखी नीट बसली. समितीचे दोन सदस्य ढकलायला उतरले आणि त्यांचेही बूट तिथेच रुतले. गावातला ट्रॅक्टर त्र्यंबकला गेला होता. शेवटी समिती बूट हातात घेऊन, बांध ओलांडून, पायी विमानापर्यंत पोचली. मागोमाग झुंबरकाका हार, नारळ आणि मांडवातला बिनवायरचा माईक घेऊन आले. माईक का आणला हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हे धावपट्टीवर उतरणं झालं नाही," साहेब म्हणाले.

"नाही झालं," प्रतिभा म्हणाली. "धावपट्टीवर तुमची गाडी उतरलीय."

यावर बहिरू हसला, पण तोंड मेंढ्यांकडे करून.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ओझरला दुपारच्या विमानानं त्यांच्याहून मोठे साहेब उतरणार होते आणि पुष्पगुच्छ घेऊन उभं राहायचं काम यांच्याकडे होतं. पुष्पगुच्छ गाडीत होता. गाडी रांगोळीत होती. साहेबांनी विमानाकडे पाहिलं, विमानातल्या दुसऱ्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि जरा नरम आवाजात विचारलं की मॅडम ओझरला सोडू शकतील का.

"सोडलं असतं," प्रतिभा म्हणाली. "पण कच्ची जमीन विमानाच्या कामाची नाही, असं तुम्हीच म्हणताय. मग अशा जमिनीवरून मी तुम्हाला कशी नेऊ? तुम्ही मोठी माणसं. काही झालं तर नोंद कोण घेणार?"

साहेब म्हणाले, आपण मार्ग काढू. प्रतिभा म्हणाली, मार्ग सोपा आहे, जी गोष्ट चालतेय ती चालते म्हणा. साहेब म्हणाले, ठीक आहे, चालते. प्रतिभा म्हणाली, असं माझ्या कानात नको, आणि तिनं झुंबरकाकांच्या हातातल्या माईककडे बोट केलं. काकांनी आयुष्यभर पाहुण्यांपुढे माईक धरला होता. आताही हात आपोआप पुढे झाला.

साहेबांनी पायातल्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं. मग ते माईकमध्ये बोलले आणि मांडवातल्या कर्ण्यांनी ते पार वाडीपर्यंत नेलं.

"कच्ची धावपट्टी विमानांसाठी वापरायोग्य आहे. क्लबच्या ताब्यात राहील."

"आणि पाणी?" प्रतिभानं विचारलं.

"पाणी मारू नये."

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्या… असाव्यात," साहेब म्हणाले. वाडीतून कुणीतरी शिट्टी मारली.

गायरानात उतरल्याबद्दल आपल्याला नोटीस येणार, हे प्रतिभाला माहीत होतं. येऊ दे, तिनं मनात म्हटलं. कर्णा गावानं ऐकलाय. गाडीतला पुष्पगुच्छ चिखलातून आणायला एका सदस्याला पाठवलं गेलं. तिनं विमान हातानंच ढकलून वळवून घेतलं, साहेबांना सीटवर बसवलं, पट्टा बांधून दिला आणि हाताशी असलेल्या कुठल्याही गोष्टीला हात लावू नका म्हणून सांगितलं. मग तिनं बाहेर पाहिलं. एवढ्या गडबडीत मेंढ्या पुन्हा गायरानभर पांगल्या होत्या.

"बहिरूदादा, बाजूला घेता का जरा?"

"घेतो की ताई. पर सावकाश," बहिरू मुंडासं गुंडाळत म्हणाला. "निम्म्या गाभण हायेत. पळवायच्या नाय त्या."

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यांनी प्रतिभाला विचारलं, किती वेळ लागेल साधारण?

"ते मेंढ्यांवर आहे," ती म्हणाली. पायानं एकदा जमीन दाबून बघून ती आपल्या सीटवर बसली. इंजिन तिनं चालू केलं नाही. उगाच बुजल्या असत्या.